मजबूत ब्रेकचं रीळ

मासेमारीच्या काठीला नवीन रीळ घ्यायचं मी ठरवलं ते निव्वळ स्वाभिमानापोटी. (आमच्या घरात ही वस्तू फक्त माझ्याकडे आहे, बाकी कुणाला तिची गरज पडत नाही.)

गेली अकरा वर्षं मी सासरेबुवांच्या नावेत मागच्या फळीवर जाळं धरून बसतो. सासरेबुवा, म्हणजे एल्रॉय, मस्की पकडतात. मस्की हा आमच्या उत्तर विस्कॉन्सिनच्या तळ्यांतला मासा. माणसाच्या कमरेला लागेल एवढा लांब, दात कुत्र्याचे आणि स्वभाव सासरेबुवांचा. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एकदा लागतो, असं इथे सगळे मानतात. त्यांतली एकही फेक अकरा वर्षांत माझ्या वाट्याला आली नव्हती.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मोसम उघडतो. त्याच्या आठवडाभर आधी एल्रॉय म्हणाले, "वेंडेल, तुझ्या त्या खेळण्यातल्या रिळाने माझ्या नावेतून गळ टाकायचा नाही. धड रीळ आण, मग पुढची जागा तुझी."

पुढच्या जागेसाठी मी काहीही करायला तयार होतो. आमच्या गावात जावयाची किंमत तो नावेत कुठे बसतो त्यावरून ठरते.

आयोनबाईंच्या मासेमारी-सामानाच्या दुकानात मी दोन तास काढले. रिळाची मूठ डावीकडे हवी की उजवीकडे, असं त्यांनी विचारलं. मी डोळे मिटून दोन्ही हातांनी हवेत मूठ फिरवून पाहिली. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने, मी प्रार्थना करतोय असं समजून, टोपी काढली. दोरी भराभर गुंडाळणारं हवं की सावकाश? मी म्हटलं, मध्यम स्वभावाचं. शेवटी आयोनबाई कंटाळल्या.

"बायको निवडायला किती वेळ लावला होतास रे?"

"मी कुठे निवडली?" मी खरं ते सांगितलं. "मार्लिसनेच निवडलं मला."

"तरीच," असं म्हणून त्यांनी सगळ्यांत जड रीळ माझ्यासमोर आदळलं. मासा ओढू लागला की दोरी किती सोडायची, हे या रिळाचा ब्रेक ठरवतो. तो पूर्ण आवळला तर माशाला काय, ट्रॅक्टरलाही इंचभर दोरी मिळणार नाही, असं त्या म्हणाल्या.

आता ट्रॅक्टरचं नाव काढल्यावर कुणीही शहाणा माणूस घरी जाऊन ब्रेक तपासणारच.

शुक्रवारी संध्याकाळी मार्लिस वडिलांकडे बटाट्याचं सॅलड घेऊन निघाली होती. मी दोरीचं टोक गाडीच्या मागच्या आकड्याला बांधलं आणि काठी हातात घेऊन अंगणात उभा राहिलो.

"हळूहळू चालव," मी तिला समजावलं. "मी ओरडेपर्यंत थांबू नकोस. मासा काय मध्येच थांबतो?"

"आणि तुला झेपलं नाही तर?"

"तर मी ब्रेक सैल करीन."

तिने माझ्याकडे अकरा वर्षांच्या अनुभवाने पाहिलं आणि गाडी सुरू केली. डासांमुळे काचा बंद होत्या आणि रेडिओवर पोल्का नाचगाण्यांचा कार्यक्रम रंगात आला होता. दोरी ताणली गेली. मी ब्रेक सैल केला. म्हणजे केला असं मला वाटलं. प्रत्यक्षात चाकी उलट्या बाजूला फिरवून मी तो होता नव्हता तेवढा आवळून टाकला होता.

मी धावू लागलो. मी ओरडलो, तर आत अकॉर्डियन माझ्यावरही कडी करत होतं. सॅलड सांडू नये म्हणून मार्लिस अगदी जपून चालवत होती, म्हणून मी आज हे सांगायला शिल्लक आहे. काठी सोडून द्यायची, असं तुम्ही म्हणाल. मस्कीची काठी हातातून सोडलेल्या माणसाला आमच्या गावात मुलीसुद्धा देत नाहीत. (मला आधीच मिळालेली होती, पण ती परत मागतील अशी भीती असतेच.)

वाटेत सगळं गाव अंगणात आपापल्या नावा धूत होतं. कुणी गाडी थांबवेल ही माझी वेडी आशा. शेजारचा रूडी होजपाइप हातात घेऊन शांतपणे म्हणाला, "टोक वर धर, वेंडेल." पुढच्या अंगणातून सल्ला आला, "घाई नको, दमू दे तिला." पाद्रीसाहेबांनी तर दोरी किती पौंडांचा ताण सोसते, ते विचारलं. मी धावता धावता ऐंशी म्हणून सांगितलं. त्यांना आवडली.

एल्रॉयच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा एक बूट मागे चर्चपाशी राहिला होता आणि मी गवतावर आडवा होतो. काठी मात्र हातात होती, टोक वर. एल्रॉय आले. त्यांनी आधी रीळ पाहिलं, मग दोरीवरून बोट फिरवलं आणि मग नाइलाजाने माझ्याकडे पाहिलं.

"इतक्या लांबवर दोरी एकदाही सैल पडली नाही," ते म्हणाले. अकरा वर्षांत प्रथमच त्यांच्या आवाजात आदर होता. माझा ऊर भरून आला. "अशी एकसारखी ओढ मी आयुष्यात पाहिली नाही. उद्या पुढच्या जागेवर मार्लिस बसेल."

"आणि मी?" मी गवतातूनच विचारलं.

"तुझा आता नियमाने निकाल लागेल," ते म्हणाले, आणि मोजपट्टी आणायला आत गेले.

आमच्याकडे मस्की कुणी खात नाही. दमवलेला मासा मोजायचा, आडवा धरून पटकन फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा, अशी रीत आहे.

तो फोटो आता आयोनबाईंच्या दुकानात, मोसमातल्या पहिल्या माशाच्या मानाच्या जागी लावलाय. खाली सुवाच्य अक्षरांत लिहिलंय: "लांबी पाच फूट सात इंच. पकडणारी, मार्लिस. फारसा झगडला नाही. सोडून दिला."