सॅमसनचा मलिदा

सॅमसन झिराडकर पहिल्यांदा माझ्या दारात आला तेव्हा त्याने नमस्कार केला नाही की नाव सांगितलं नाही. तो म्हणाला, "वर माझ्या खोलीत फार अंधार आहे. आपलं एक निरीक्षण."

शुक्रवारची संध्याकाळ होती. मिशिगनला शिकायला येऊन मला जेमतेम महिना झाला होता आणि दाराची साखळी मी लावूनच बोलत होते. फटीतून लांब काळा कोट दिसत होता, त्याच्यावर छोटी गोल टोपी, आणि दोन्हींच्या मधे उदबत्तीसारखा बारीक माणूस. हा माणूस मराठीत बोलतोय हे माझ्या थोडं उशिराच लक्षात आलं. खालच्या टपालपेटीवर मी 'देशपांडे' असं लिहिलं होतं, त्यावरून त्याने अंदाज बांधला होता.

"मग दिवा लावा," मी म्हणाले.

"हं. लावला तर उजेड पडेल खरा," तो म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

मी दार बंद केलं. अनोळखी माणसाने आपल्या खोलीतल्या अंधाराविषयी माहिती दिली तर काय करायचं, हे मला ना शाळेत शिकवलं होतं ना घरी.

पुढच्या शुक्रवारी तो एका कुरळ्या केसांच्या अमेरिकन मुलीला बरोबर घेऊन आला. तिचं नाव डेबी. "हा निरुपद्रवी आहे," तिने सांगून टाकलं. "शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. उद्या रात्रीपर्यंत तो बटण दाबू शकत नाही. आणि तू दाब, असं तुला सांगूही शकत नाही."

"मग तू दाब ना."

"मीही ज्यू आहे."

दोघंही जिन्यात काळोखात उभे होते. मग आम्ही तिघं वर गेलो आणि मी दिवा लावला. सॅमसनने छताकडे बघत मान डोलावली. म्हणाला, "रात्रभर दिवा असला की झोप लागत नाही, असंही एक जुनं निरीक्षण आहे." मी न्हाणीघरातला दिवा लावला, खोलीतला घालवला आणि खाली आले.

तेव्हापासून हे माझं कामच झालं. सॅमसन केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करत होता, पण सूर्यास्ताआधी दिवा लावून ठेवायचा असतो हे त्याच्या लक्षात राहायचं नाही. कधी दिवा, कधी हीटर. दर शुक्रवारी माझ्या दारात एक निरीक्षण यायचं.

तो ठाण्याचा. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. आडनाव अलिबागजवळच्या झिराडचं. मी सुरुवातीला त्याला 'तुम्ही' म्हणायचे. तो म्हणाला, "अहोजाहो केलंस तर मला वाटतं मागे कोणीतरी उभं आहे." तेव्हापासून 'तू'.

"ठाण्यालाही असंच पाळायचात?" मी एकदा विचारलं.

"छे! शनिवारी आमच्याकडे टीव्ही चालायचा. आई फक्त आवाज कमी ठेवायची."

"मग इथे एवढं कडक कशाला?"

तेव्हा त्याने सांगितलं. इथे आल्यावर पहिल्याच शुक्रवारी तो विद्यापीठातल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या घरात जेवायला गेला होता. शेजारी बसलेल्या मुलाने अगदी आपुलकीने विचारलं, "तू धर्म कधी बदललास?"

"मी म्हटलं, बाबा रे, आमच्या पूर्वजांचं तारू कोकणात नवगावच्या किनाऱ्याला फुटलं तेव्हा तुमच्या पोलंडमध्ये बटाटासुद्धा पोचला नव्हता."

"खरंच असं म्हणालास?"

"मनात. तोंडाने म्हटलं, जन्मापासून. पण दुसऱ्या दिवसापासून बटणाला हात लावला नाही. परत कोणी विचारायला नको."

त्या घरातल्या शुक्रवारच्या जेवणाला मी जाऊ लागले तीही सॅमसनमुळेच. त्याने 'चल' असं म्हटलं नव्हतं. म्हणाला होता, "तिथे जेवायला कोणीही आलं तरी चालतं. आणि तुझ्या खोलीतून रोज नूडल्सचा वास येतो."

मी पुण्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. इंग्रजी बोलता येणं आणि लोकांशी बोलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इथे येऊन कळलं. भारतीय विद्यार्थ्यांच्या दिवाळीला मी एकदा गेले होते. तिथे सगळे एकमेकांना कॉलेज आणि पगाराची ऑफर विचारत होते, म्हणून मी कोट घेऊन निघून आले. या घरात मात्र कोणी मला काही विचारलं नाही. मेणबत्त्या पेटवल्या, वेणी घातलेला पाव हाताने तोडून एकमेकांकडे दिला, आणि मग टेबलावर मुठी आपटत सगळे इतक्या जोरात गायला लागले की कोण गप्प बसलंय हे कळायला मार्गच उरला नाही. डेबी माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवायला लागली. हिवाळा सुरू होईपर्यंत शुक्रवारी संध्याकाळी मी दुसरं काही ठरवत नव्हते. तसं ठरवण्यासारखं काही नव्हतंही.

सॅमसनची निरीक्षणं शब्बाथपुरती नव्हती, हेही मला हळूहळू कळलं. त्याला कधीच काही मागता यायचं नाही. चहा हवा असला की "थंडी चहाची आहे." कोणी गाडीने सोडावं असं वाटलं की "या बर्फात बसचे ड्रायव्हर बिचारे." प्रबंध पूर्ण झाला तरी तो प्रोफेसरांना तसं सांगेना. वर्षभर त्यांच्या खोलीत जाऊन म्हणत राहिला, "पाच वर्षं म्हणजे बराच काळ झाला, सर." आणि प्रोफेसर मनापासून म्हणायचे, "खरंय, कसा गेला कळलंच नाही." शेवटी विभागाच्या सेक्रेटरीनेच त्याच्या व्हायव्हाची तारीख ठरवली. डिसेंबरात तो डॉक्टर झाला.

आणि मग मलिद्याचा विषय निघाला.

सॅमसनची आई धाकट्या मुलाबरोबर इस्राएलला स्थायिक झाली होती. ठाण्याचं घर विकलं होतं. सॅमसन अमेरिकेला आला त्याच वर्षी हे सगळं झालं, त्यामुळे तो इथून परत जाणार तरी कुठे, हे त्यालाही नीट सांगता यायचं नाही. आईने नवस बोलला होता: मुलगा डॉक्टर झाला की प्रेषित एलियाहूच्या नावाने मलिदा. बेने इस्राएल लोकांत ही पद्धतच आहे. भिजवलेल्या पोह्यांत साखर, खोबरं, वेलची, वर पाच फळं, मग प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचा.

"आई म्हणते, तू पास झालास, मलिदा तू कर. पण एकट्याने भांडं पुढ्यात घेऊन बसायचं नाही. चार माणसं जमली नाहीत तर नवस फिटला असं मी धरणार नाही." हे सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता. "इथे पाच वर्षं सगळ्यांच्या ताटात जेवलोय. एकदा आपल्या हातचं वाढावं म्हणतो."

जानेवारीच्या शेवटी ज्यूंचा झाडांचा सण येतो, त्यालाही मलिदा करतात. त्याच्या जवळचा रविवार ठरला. बाहेर एकाही झाडाला पान नव्हतं. विद्यार्थी-घराच्या तळघरातल्या स्वयंपाकघराची किल्ली डेबीकडे असायची. तिथे धर्माच्या नियमात न बसणारं काही शिजवायचं नाही यावर तिची नजर असे. सॅमसनने भारतीय दुकानातली पिशवी तिच्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"चपटा केलेला तांदूळ."

"चपटा का केलास?"

"मी नाही केला. चपटाच आला."

डेबीने पिशवी उलटसुलट करून पाहिली, धर्मगुरू रब्बींना फोन लावला, बराच वेळ 'चपटा' या शब्दावर बोलणं झालं आणि परवानगी मिळाली.

त्या शुक्रवारी जेवण संपत आलं तसा सॅमसन उठून उभा राहिला. तो असा कधी उभा राहत नसे, म्हणून सगळे गप्प झाले. "रविवारी दुपारी बारा वाजता मी खालच्या स्वयंपाकघरात असेन," तो इंग्रजीत म्हणाला. "भरपूर तांदूळ असेल. आणि फळं."

"वा, मजा कर!" जॉश म्हणाला. जॉश म्हणजे 'धर्म कधी बदललास' विचारणारा तोच मुलगा, आता सॅमसनचा बुद्धिबळातला जोडीदार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सॅमसन खुशीत खाली बसला.

"झालं, सगळ्यांना बोलावलं," तो मला म्हणाला.

"त्यांना कळलं का पण?"

"न कळायला काय झालं? भरपूर आहे म्हटल्यावर माणूस काय समजेल?"

मी तरी ते आमंत्रणच समजले असते. म्हणून मी विषय तिथेच सोडला.

रविवारी सकाळी मी मदतीला गेले. सॅमसनने मागच्या पायरीवर हातोडीने नारळ फोडले होते. खवणी नव्हती, म्हणून आम्ही खोबरं चीज किसायच्या किसणीवर किसलं आणि दोघांनीही बोटं सोलून घेतली. त्याने पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता. मोठ्या परातीएवढ्या ट्रेमध्ये पोह्यांचा डोंगर, त्याच्याभोवती सफरचंद, केळी, संत्री, द्राक्षं, खजूर. मधोमध सुपरमार्केटातला गुलाब. कागदी ताटल्यांचे दोन गठ्ठे.

बारा वाजले. डोक्यावर छतातून पावलांचे आवाज येत होते. वरची बैठकीची खोली रविवारी अभ्यासाला बसलेल्या मुलांनी भरलेली असायची. कोणीतरी हसलं. कोणीतरी खुर्ची सरकवली. खाली कोणी आलं नाही.

"बर्फामुळे उशीर होत असेल," सॅमसन म्हणाला.

मी छताकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. त्याने केळी सरळ केली, मग परत होती तशी ठेवली. ताटल्यांचे दोन गठ्ठे होते त्यांचा एक केला. काही वेळाने त्याने पोह्यांवर पातळ कापड टाकलं.

"तू खाऊन घे, अनघा," तो म्हणाला. "मग आवरू."

"आईला काय सांगशील?"

"सांगेन, झाला." तो बोटावरच्या खरचटलेल्या जागेकडे बघत राहिला. "तिला फोनवरून काय दिसतंय."

मी जिना चढून वर गेले. त्या खोलीत मी आजवर जे काही बोलले होते ते एका वेळी एकाच माणसाशी, शेजारच्या खुर्चीत बसून. आता दारात उभी राहिले, तर कोणी मान वर केली नाही. मी दाराशेजारच्या टेबलावर मूठ आपटली. जोरात आपटली गेली. कोणाची तरी कॉफी सांडली.

"सॅमसन खाली वाट बघतोय," मी म्हणाले. "तुमची. सगळ्यांची."

डेबीने पेन्सिल खाली ठेवली. "ते आमंत्रण होतं?"

"हो."

"त्याने फक्त सांगितलं की त्याच्याकडे भरपूर तांदूळ असेल!"

"तेच आमंत्रण."

"अरे देवा," जॉश म्हणाला. "आणि मी त्याला सांगितलं, मजा कर."

ती सगळी तशीच मोज्यांनिशी जिना उतरली. जॉशने होस्टेलवर फोन केले. पायजम्यावर बर्फातले बूट घातलेली माणसं मागच्या दाराने येत राहिली. सॅमसनने कापड काढलं. प्रार्थना त्याने आपल्या कोकणातल्या चालीवर म्हटली. चाल कोणाच्याच ओळखीची नव्हती. पण हिब्रू शब्द त्यातल्या बऱ्याच जणांना येत होते, आणि दुसऱ्या कडव्यापासून ते मागून म्हणायला लागले, कोणी आधी, कोणी नंतर.

"हे एलियाहूसाठी?" जॉशने तोंडात पोहे असतानाच विचारलं. "तो भारतात गेला होता?"

"अलिबागजवळच्या खडकावर त्याच्या चाकांच्या खुणा आहेत."

"एवढ्या लांब?"

"रथ होता त्याच्याकडे," सॅमसन म्हणाला आणि त्याला आणखी वाढलं.

पोहे संपत आले तसा त्याने खिशातून कॉलिंग कार्ड काढलं आणि फ्रिजजवळच्या भिंतीवरच्या फोनवरून नंबर फिरवला. मी सिंकपाशी उभी होते. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, मलिदा झाला. हो, पाच फळं. हो गं, खोबरं ताजंच."

"एवढा गलका कसला रे? कोण आहे तिथे?"

सॅमसनने वळून पाहिलं. जॉश ट्रेच्या कोपऱ्यातले पोहे बोटाने गोळा करत होता. दोन मुली शेवटच्या संत्र्यावरून भांडत होत्या. कोणीतरी ओले मोजे हीटरवर वाळत घातले होते आणि त्यांचा वास सुटला होता. त्याने उत्तर द्यायला इतका वेळ लावला की आईने "हॅलो? हॅलो?" सुरू केलं.

"घरातलेच आहेत," तो म्हणाला.

मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आई बोलत होती.

डेबी भांडी घासत होती. तिने नळ बारीक केला आणि मला हळूच विचारलं, "काय सांगितलं त्याने?"

मी सांगितलं.

डेबीने नुसती मान हलवली. मग ओला ट्रे माझ्या हातात दिला आणि खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्याकडे टाकला.

"मग तू पाहुण्यासारखी उभी काय आहेस? पुसायला घे."