वर आला, वर अडकला!

माझ्या हाताला गुण आहे. कचेरीत मी नुसत्या फायली सरकवतो, पण माझा खरा जीव पान्यात! मी पाना हातात घेतला की बिघडलेली वस्तू धाकानेच सुरू होते. निदान माझ्या बायकोला, उत्तराला, मी गेली अकरा वर्षं हेच सांगत आलोय.

म्हणून त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात, ठाकुर्लीला खाडीकाठी राहणारा परशुराम कोळी रडवेल्या तोंडाने आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा काय झालं हे विचारण्याआधीच मी पाना उचलला.

त्या दिवशी त्याच्या मालूचं लग्न होतं. होणारा जावई नामा ठाण्याच्या कोळीवाड्यातला. त्याने मासळीच्या धंद्यासाठी लिलावात एक जुनी परदेशी पिकअप घेतली होती. बटण दाबलं की काच आपोआप वर! लग्नाची भांडीकुंडी घेऊन ती आदल्या दिवशीच मांडवापाशी येऊन थांबली होती.

"सकालपासून पावन्यांना काच वर-खाली करून दाखवली, सायेब," परशुराम म्हणाला.

"किती वेळा?"

"चालीसेक."

एक्केचाळिसाव्या वेळी काच दाराच्या पोटात गेली ती गेलीच!

"जावय यायच्या आत वर पायजे. पयल्याच दिवशी आमी त्याची गारी खराब केली, तर पोरीला जन्मभर ऐकावं लागंल."

"पाच मिनिटं!" मी म्हणालो.

उत्तरालाही सोबत घेऊन मी मांडवापाशी पोचलो आणि गाडीच्या दाराचा आतला पुठ्ठा काढला. काच ओढणारी तार तुटली होती. मी तिच्या जागी जाळ्याचा नायलॉनचा दोरा ओवला, परशुरामला बटणावर बसवलं आणि डोकं दारात खुपसलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या वस्तीत नवऱ्या मुलाला 'वर' कोणी म्हणत नाही. 'नवरा' म्हणतात. पण शेजारीच माइक धरून उभा असलेला महिपत लग्नपत्रिका वाचून वाचून शुद्ध बोलायला शिकला होता.

दोरा ताणला गेला. मी आनंदाने ओरडलो, "आला! वर आला!"

"वर आलेला आहे!" महिपत कर्ण्यातून गरजला.

बँड सुरू झाला. मालूची आई शेवंती आरतीचं ताट घेऊन धावली. त्या गोंगाटात माझा हात सटकला.

"अरे देवा, वर अडकला!"

"वर अडकलेला आहे! मंडळींनी घाबरू नये!"

मंडळी घाबरली!

"माझा जावय कुठं अडकला?" शेवंतीने हंबरडा फोडला.

"ठाकुर्लीच्या रेल्वे फाटकात असंल! तिथं सगलेच अडकतात!" कोणीतरी म्हणालं.

परशुराम बटण सोडून फाटकाकडे पळाला. त्याच्यामागे पाहुणे, बँड आणि माइक टाकून महिपतसुद्धा! मला दाराच्या पोटात यातलं काही कळलं नाही. मी दोरा सोडवला, एका हाताने बटण दाबलं आणि काच सुर्रकन वर! शाबासकीसाठी वळलो, तर मांडव रिकामा. फक्त घराच्या उंबऱ्यात मालू आणि तिच्याजवळ आमची उत्तरा.

आणि खाडीतून पताका लावलेली होडी येत होती. रस्त्याने यायचं सोडून नवऱ्याकडचे होडीनेच आले होते; भरती लवकर चढली होती म्हणे!

नवऱ्याचा बाप दामाजी धक्क्यावर उतरला आणि त्याने चौफेर नजर फिरवली. "घ्यायला कोन नाय? बँड नाय, मानूस नाय? नामा, फिरव होरी!"

मालूचे डोळे भरले. माझ्या एका शब्दापायी या पोरीचं लग्न मोडत होतं! मी माइक धरला. पण ओरडू काय? पुन्हा 'वर आला' म्हटलं असतं, तर मंडळी पार कल्याणपर्यंत गेली असती. मग मी सगळी लाज सोडली.

"नवरा आयलाय! होरीन आयलाय! पला रं, पला!"

उत्तराने तोंडाला पदर लावला. दामाजी मात्र थबकला. चष्मेवाला, ग्रीसने काळा झालेला कारकून आपल्या बोलीत बोंबलतोय हे पाहून तो इतका हसला, इतका हसला, की घसरून चिखलात बसला! त्याला उठवेपर्यंत फाटकाकडून सगळी मंडळी धापा टाकत परत आली आणि बँडने श्वास न घेताच सुरुवात केली. लग्न पाच मिनिटं उशिरा लागलं. मला फार म्हणजे फारच बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी नामा आमच्याकडे आला.

"काका, ती काच वर गेली ती खाली येतच नाय."

मी पान्याकडे हात नेला.

"नको, नको! घरात अठरा मानसं. मालू नि मी संध्याकालचं गारीत बसून बोलतो. घाम फुटतो, पन बाहेर कोनाला काय ऐकू जात नाय." तो लाजला. "फक्त दुसऱ्या दाराची काच मधीच खाली घसरते. तीपन अशीच अडकवून द्या ना!"

मी दोन तास खपलो. ती काच तेव्हापासून लोण्यासारखी वर-खाली होते!