सटक्लिफ यांच्या सायकलची प्रकृती

मालकी हे मानवी संस्कृतीतील सर्वात चिवट नाते आहे. विवाहाला घटस्फोटाची सोय असते. पोलादी सायकलला, त्यातही मध्यम किमतीच्या, ती नाही. स्वस्त सायकल माणूस विसरतो, महागडीचा विमा उतरवतो. मधलीला सांभाळावे लागते, आणि सांभाळणे म्हणजेच चारित्र्य, असा यॉर्कशरमधील थॉर्नबी सायकल मंडळाचा सिद्धान्त आहे.

त्यानुसार दीर्घ मालकीसाठी मंडळ पितळी पदक देते. नियम उदार आहेत. चाके, साखळी, सीट, हँडल, सारे बदललेले चालते. फ्रेम तेवढी मूळची हवी. मालकाचेही सुटे भाग बदललेले चालतात (क्लिफर्ड सटक्लिफ यांचा उजवा गुडघा नवा होता, समितीने तो विनातक्रार मान्य केला). मंडळाच्याच पाहणीप्रमाणे नव्वद टक्के पदकविजेते विवाहित आहेत. उरलेले दहा टक्के पूर्वी होते.

क्लिफर्ड यांच्या पत्नी एनिड यांची या शास्त्राला हरकत नसे. हिवाळाभर सायकल बैठकीच्या खोलीत आणि पाहुणे स्वयंपाकघरात, ही व्यवस्था त्यांच्या अंगवळणी पडली होती. यंदाचे पदक क्लिफर्ड यांचेच, हेही ठरल्यासारखे होते. समारंभाआधीच्या रविवारी उतारावर मेंढी आडवी येईपर्यंत.

कोणी पडल्यास थांबावे आणि प्रथम सायकलची विचारपूस करावी, अशी मंडळाची शिस्त आहे. पायथ्याशी चहा घेऊन उभ्या असलेल्या एनिड धापा टाकत वर पोचल्या, तेव्हा सारे सभासद गुडघे टेकून काळजीने पाहत होते. सायकलकडे.

"फ्रेम गेली का रे?" चिटणीस हर्बर्ट यांनी विचारले.

"खालची नळी वाकलीय," गवतातून क्लिफर्ड म्हणाले. "तडा नाही ना? नीट बघ."

"अरे, रक्त येतंय त्याला!" एनिड ओरडल्या.

"रंगावर सांडलं नाही ना? एनिड, जरा बाजूला हो गं, उजेड अडतोय."

"क्लिफर्ड, पाय हलतोय का तुझा?"

"ते नंतर. आधी मागचं चाक फिरतंय का बघ."

चाक फिरले. टाळ्या पडल्या. एनिड यांनी नवऱ्यासाठी आणलेले ब्लँकेट सायकलभोवती गुंडाळून ती हर्बर्ट यांच्या गाडीतून हलवण्यात आली. क्लिफर्डसाठी रुग्णवाहिका होतीच.

संध्याकाळी एनिड यांना सभासदांचे फोन सुरू झाले.

"नळी सरळ होईल ना गं?"

"पाय राहील की नाही, ते डॉक्टर उद्या सांगणार आहेत."

पलीकडून आदरपूर्वक हळहळ. मग, "हो, पण नळीचं काय म्हणतात?"

वाचकांचाही जीव टांगणीला लागला असेल, म्हणून कळवणे आवश्यक आहे: नळी सरळ झाली. समितीने फ्रेम मूळचीच मानली आणि पदक हँडलला अडकवले. एवढ्यावर आपले समाधान झाले असल्यास कथा संपली आहे. आणखी काही विचारायचे राहून गेले असेल, तर रुग्णालयात भेटीची वेळ दुपारी दोन ते चार आहे. एनिड तिथेच असतात. खुर्च्या रिकाम्या आहेत.