राणी दाणा खात नाही

ज्या पोराला घरचे, दारचे आणि खुद्द हेडमास्तर कंटाळले, ते पोर माझ्या वर्गात आणून बसवायचे. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. अशी कितीतरी पोरं आली आणि वाचायला लागून गेली. त्यामुळे मी छाती पुढे काढून सांगतो, की धीर धरला तर कोणालाही काहीही शिकवता येतं. निदान गेल्या मे महिन्यातल्या त्या सोमवारपर्यंत तरी मी असं सांगत होतो.

त्या सकाळी आमच्या बाळापुरात एक सायकलवाला टोपलीत रंगीत पिल्लं घेऊन आला. कोंबडीचीच पिल्लं, पण एक हिरवं, एक जांभळं, एक गुलाबी. रंगपंचमीतून पळून आल्यासारखी. माझी नात खुशी अमरावतीहून सुटीला आली होती. वय सात. तिने टोपलीतलं नेमकं सर्वांत मरतुकडं पिल्लू उचललं.

"आबा, हे कोणीच घेणार नाही," ती म्हणाली.

झालं! माझ्यातला मास्तर विरघळला. पिल्लाचा रंग राणी, म्हणून त्याचं नावही राणी.

आता आमचं घर माळकरी. माझी पत्नी कौशल्या हिने दारातच हात आडवा केला.

"अवो, गळ्यात माळ हाये ना तुमच्या? कोंबडी कायले आणता घरात?"

"खायला नाही आणली. सांभाळायला आणली."

"मंग सांभाळा तुमीच. मी बोट लावणार नाही."

बाहेर पारा सकाळीच पंचेचाळीसकडे निघाला होता. राणी डोळे मिटून बसलेली. एवढासा जीव, उन्हाने कासावीस झाला असणार. मी तिचा खोका बैठकीत कूलरच्या थेट समोर ठेवला. ती आमच्या घरातली मानाची जागा आहे; जावई आले की त्यांना तिथे बसवतो. आदल्याच दिवशी कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या होत्या. हवा अशी गार, की भर दुपारी गोधडी शोधावी. राणीची पिसं फुलून आली.

"पाहा, कशी खूश झाली," मी खुशीला समजावलं.

पण राणी खाईना. तांदळाची कणी टाकली, ज्वारी भरडून टाकली, चमच्याने पाणी दाखवलं. मानपान चुकलेल्या वरमाईसारखी तिने मान फिरवली. हे पाहून खुशीने आपली पोह्यांची बशी सरकवली.

"ती खाईल तेव्हाच मी खाईन."

"बेटा, तुझा आणि तिचा काय संबंध?"

"तिला एकटीला उपाशी ठेवायचं?"

अकरा वाजले तरी पोरीने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. संध्याकाळी तिच्या आईचा, म्हणजे आमच्या पौर्णिमाचा फोन येणार होता. त्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो, खुशी काय जेवली?

मी टोपी घातली आणि गावातल्या चिकन सेंटरवर गेलो. दुकान ओमप्रकाशचं. तो माझा विद्यार्थी. मला पाहून त्याच्या हातातला सुरा हवेतच थांबला.

"गुरुजी, तुमी? किती देऊ?"

"अरे, द्यायचं नाही, सांगायचं. पिल्लू खात नाही. काय करू?"

त्याने सुस्कारा सोडला. मूठभर दाणा पिशवीत भरून माझ्या हाती दिला. म्हणाला, "अन् उबेत ठेवा त्याले, गुरुजी."

ऊब! बाळापुरात, मे महिन्यात! ओमप्रकाश तिसरीत वजाबाकीला कच्चा होता ते मला आठवलं आणि मी घराकडे निघालो.

पण खरी चूक हातात होती. पिशवी काळी होती. काळ्या पिशवीत या दुकानातून काय घरी जातं हे आमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. मी ती हलवत, ओळखीच्यांना रामराम करत, सगळ्या पेठेतून आलो. लोक आज इतक्या आदराने वाट का देत आहेत, एवढंच मला कळेना.

घरी येऊन मी शिकवायला बसलो. पद्धत सोपी आहे. पोराला येत नसेल तर आपण करून दाखवायचं. मी लाल पेन्सिलीने दाण्यांवर ठकठक केली. राणीने पाहिलं नाही. तेव्हा मी गुडघ्यांवर आलो, दोन्ही हात टेकले आणि नाकाने ठकठक केली.

"असं, राणी. मान खाली. चोच दाण्यावर."

"गुरुजी," दारातून आवाज आला.

आमच्या हरिपाठ मंडळाचे प्रमुख शेषराव छत्री मिटत उभे होते. त्यांची नजर आधी माझ्या नाकाला चिकटलेल्या कणीवर गेली आणि मग काळ्या पिशवीवर.

"माळ कुठी हाये?"

"गळ्यात."

"दाखवा."

मी दाखवली.

"अन् पिशवीत काय हाये?"

"दाणा आहे."

"सारेच असं म्हणतात."

मी पिशवी त्यांच्यापुढे उपडी केली. त्यांनी दाणा चिमटीत धरून पाहिला, हुंगला आणि जरा निराश झाल्यासारखे कूलरपुढे बसले. तेवढ्यात लाईट गेली.

कूलर घरघरून थांबला. दहा मिनिटांत बैठकीची भट्टी झाली. शेषराव उपरण्याने वारा घेऊ लागले. मी मात्र नाकाने ठकठक करतच होतो. आणि राणी उठली. पाय झटकले, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, आणि टक्! एक दाणा. मग दुसरा. मग तर थांबेचना.

"पाहिलंत, शेषराव? धीर लागतो. करून दाखवावं लागतं."

"मानलं तुमाले," शेषरावांनी खरोखर हात जोडले. "कोंबडीलेही शिकवलं तुमी."

खुशी धावत ताट घेऊन आली आणि पोळीचा घास तोंडाजवळ नेला. तोच लाईट आली. कूलर गरजला. राणीने चोच मिटली, पिसं फुलवली आणि गोळा होऊन बसली. खुशीने घास ताटात परत ठेवला.

मी पुन्हा गुडघ्यांवर आलो. ठकठक, ठकठक. नाक लाल झालं. राणी मुटकुळं करून बसलेली. खुशीच्या डोळ्यांत पाणी.

"ती मरणार का, आबा?"

स्वयंपाकघराच्या दारातून कौशल्या बराच वेळ हे पाहत होती.

"कूलर बंद करा," ती म्हणाली.

"का बरं?"

"पोट्टं कुडकुडून राहिलं. सकायपासून थंड्या हवेत बसवलं तुमी त्याले. दिसत नाही काय?"

मी आणि शेषराव, दोघांनी एकदमच कूलरकडे पाहिलं.

"कूलर बंद केला तर मी मरतो," शेषराव म्हणाले.

"तुमाले कोणं बसवलं? पिल्लाले व्हरांड्यात न्या म्हणते मी."

इतकी साधी गोष्ट दोन शहाण्या माणसांना सुचली नव्हती. मी खोका व्हरांड्यात नेला. पाच मिनिटांत राणी हिंडू लागली, खाऊ लागली, पाणी पिऊ लागली. इकडे खुशीने दोन पोळ्या, वांग्याची भाजी आणि दोन वाट्या आमरस संपवला. शेषराव पाणी पिऊन, राणीला एकदा रामराम करून गेले.

पण आता एक नवीच अडचण झाली. मी आत जायला उठलो की राणी किंचाळायची. टेकलो की गप्प. शेवटी ती माझ्या दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत शिरली आणि भरल्या पोटी झोपली. मी पंचेचाळीस डिग्रीत भिंतीला टेकून, हात पुढे करून, प्रसाद मागायला बसल्यासारखा बसलो. आत कूलरची घरघर ऐकू येत होती.

"जेवाले या," कौशल्या खिडकीतून म्हणाली.

"कसा येऊ? झोपलीय ती."

"सकायपासून पोटात काही हाये काय तुमच्या?"

नव्हतं. खरं म्हणजे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की घरात तिसरंही कोणी उपाशी आहे. कौशल्या ताट घेऊन बाहेर आली. माझ्या गुंतलेल्या हातांकडे तिने पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, पदर खोचला आणि घास केला.

"आ करा."

"अगं, कोणी पाहील."

"एवढ्या उन्हात कोण येतं मरायले? आ करा."

मी आ केला. नेमके तेव्हाच शेषराव विसरलेली छत्री न्यायला फाटकात आले. छत्री घेतली आणि पाय न वाजवता गेले.

दुसऱ्या दिवशी हरिपाठाला मी जरा उशिरा पोचलो. मंडळी राणीचीच चौकशी करत होती आणि शेषराव मोठ्या गंभीरपणे सांगत होते, "पिल्लू आता आपलं आपलं खाते. गुरुजीले मात्र अजून भरवा लागते."