सातव्या पायरीपर्यंत समुद्र

आमच्या गावात एक माणूस रोज सकाळी सात वाजता भरती बघायला जायचा. पायात गमबूट, अंगात केशरी लाइफ जॅकेट, खांद्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची उंच काठी. गाव भंडारा जिल्ह्यातलं. समुद्र इथून रेल्वेनं एक रात्र अन् वर अर्धा दिवस. पण हे दसरूभाऊ हटवारांना सांगायला गेलात, तर ते तुमच्याकडेच दयेनं बघायचे आणि म्हणायचे, "पुस्तकात हाय."

आता खरं सांगायचं तर या सगळ्याला मीच कारणीभूत आहे. मी ग्रामपंचायतीची कॉम्प्युटर ऑपरेटर. लाखनीहून रोज स्कूटीवर येते, हायवेच्या ट्रकांची धूळ खाते आणि दिवसभर सरकारच्या प्रश्नांना 'होय' किंवा 'नाही' करत बसते. एका फॉर्मात विचारलं होतं, 'आपली ग्रामपंचायत किनाऱ्यावर आहे काय?' मी खिडकीतून पाहिलं. समोर गोसीखुर्द धरणाचं अडवलेलं पाणी, पार पलीकडच्या धुक्यापर्यंत. कोणीही 'होय' केलं असतं. मीही केलं.

महिनाभरात खोकं आलं. वर लिहिलेलं, 'किनारी पर्यावरण व्यवस्थापन : स्थानिक संस्थांसाठी साधनसंच'. आत जाडजूड पुस्तक, मोजपट्टीची काठी, दोरीचं भेंडोळं, नोंदवही, लाइफ जॅकेट आणि कासवाचं पोस्टर. सरपंचांनी खोकं पाहिलं आणि कपाटामागे सरकवलं. तिसऱ्या दिवशी सदस्य दसरूभाऊंनी ते ओढून काढलं. साठी ओलांडलेला, उन्हानं वाळलेला माणूस. आयुष्यभर धान लावला, समुद्र टीव्हीतही धड पाहिलेला नाही. पुस्तक उघडून ते पंचायतीच्या पायरीवर बसले ते दिवस मावळेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आमच्या नालीच्या कामाची वाळू दोरीनं वेढलेली. ठेकेदार बोंबलत आला.

"वाळूची टेकडी हे किनाऱ्याचं पहिलं संरक्षण असते," दसरूभाऊ शांतपणे म्हणाले. "पुस्तकात हाय."

"अहो भाऊ, काल माह्या ट्रॅक्टरनं आनून टाकली ते."

"वारा आनते का ट्रॅक्टर आनते, त्याचं पुस्तकात काही नाही."

चार दिवस नाली थांबली. पाचव्या दिवशी मी दसरूभाऊंना तेच पान पुन्हा वाचून दाखवलं आणि 'नैसर्गिक' या शब्दावर बोट ठेवून बसले, तेव्हा कुठे दोरी सुटली.

पुढे भरती-ओहोटीचं प्रकरण निघालं. पुस्तकात म्हटलं होतं की पाण्याची पातळी रोज ठरल्या वेळी मोजावी. मी म्हटलं, "भाऊ, भरती-ओहोटी चंद्रामुळे होते. इथं धरणाचं दार उघडलं की पाणी उतरतं."

"मंग बराबर हाय. तिकडे चंद्र करते, इथं इंजिनिअर करते. मोजाले काय फरक पडते, मॅडमबाई?"

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सातची मोजणी सुरू झाली.

पण त्यांचं खरं प्रेम जडलं ते भरतीरेषेवर. पाणी वर्षात जास्तीत जास्त जिथवर येतं ती भरतीरेषा. तिच्या आतली जागा समुद्राची समजावी, असं पुस्तक सांगतं. सरपंचांच्या भाच्यानं काठावर चहाची टपरी टाकली होती. दसरूभाऊंनी त्याला खुंट्या ठोकून दाखवल्या. "इथंवर जागा तुही नाही, माही नाही, पंचायतीचीही नाही. पान्याची हाय. उचल." भाचा शिव्या देत टपरी वर घेऊन गेला. दिवाळीच्या सुमारास धरण भरलं आणि पाणी बरोबर खुंट्यांना येऊन टेकलं, जुन्या टपरीच्या जागी पाणकावळे पोहायला लागले. दोन दिवस गावानं दसरूभाऊंना फुकट चहा पाजला. तिसऱ्या दिवशी परत वेड्यात काढलं.

मीही काढायची. पण कधीकधी सकाळी लवकर पोचले, की गाडी लावून काठावर उभी राहायची. पाण्यात वाळलेल्या झाडांची खोडं उभी, त्यांच्यावर धुकं, आणि त्या सगळ्यात तो केशरी ठिपका काठी रोवून स्थिर. एकदा त्यांनी मला विचारलं, "समुद्राचं पानी वाजते म्हन्ते. कसं वाजते?" मी लग्नानंतर एकदा कोकणात गेले होते. म्हटलं, कोणीतरी मोठ्या सुपानं धान पाखडत बसल्यासारखं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. आमचं पाणी मुकं. पण त्या सकाळी मलाही थोडंसं ऐकू आलं, शपथेनं सांगते.

नोंदवहीचं काम माझ्या गळ्यात पडलं. दसरूभाऊ आकडे आणून द्यायचे, मी टाइप करायची. एक रकाना होता 'समोरच्या काठाची नोंद'. पुस्तकात एक अख्खं प्रकरण यावर होतं की किनारा एकच असतो, म्हणून शेजारच्या गावाशी रोज माहितीची देवाणघेवाण करावी. दसरूभाऊंनी हे प्रकरण सर्वांत आधी अमलात आणलं. डोंगेवाला शामराव धिवर मासोळ्या घेऊन रोज या काठाहून त्या काठाला जातो. त्याच्या हातून इकडचा आकडा तिकडे जायचा, तिकडची चिठ्ठी इकडे यायची. वहीच्या पानावर, मोठ्या वाकड्या अक्षरात.

'पानी पाचव्या पायरीले. धुकं. खोकला कमी.'

मी विचारलं, "भाऊ, हा खोकला कोणाचा?"

"काठाचा," ते म्हणाले.

"काठाला खोकला?"

"शेऱ्यात टाका जी. पुस्तकात शेऱ्याचा रकाना कायले देल्ला मंग?"

मी टाकला. मला वाटलं, नोंद शामरावच घेत असेल आणि खोकलाही त्याचाच. पुढे 'गुडघा दुखते' आलं, 'रातची झोप नाही' आलं, 'आज मुंगन्याच्या शेंगा', म्हणजे शेवग्याच्या, आलं. सगळं शेऱ्यात. दिवाळी झाली तेव्हा एक चिठ्ठी आली, 'पानी सातव्या पायरीले लागलं. गेरूनं रेघ मारली.' त्या दिवशी दसरूभाऊ चिठ्ठी हातात धरून इतका वेळ बसले की मी पंखा बंद करून घरी निघाले तरी ते तिथंच होते.

समोरच्या काठाबद्दल एक गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे, तुम्हालाही सांगून ठेवते. जुनं गाव पाण्यात गेलं तेव्हा त्याच्या दोन वसाहती झाल्या, एक इकडे, एक तिकडे. दसरूभाऊंची धाकटी बहीण लीलाबाई जुन्या गावातच दिलेली होती. तिच्या सासरच्यांनी तिकडचा काठ घेतला. दसरूभाऊंचं म्हणणं, सगळ्यांनी एकाच बाजूला यायचं. ट्रॅक्टर भरले जात असताना, चारचौघांसमोर, दसरूभाऊ म्हणाले, "तुह्या त्या काठाले पाय लावीन तं बापाचं नाव सांगनार नाही." ती म्हणाली, "नोको येऊ." अकरा वर्षं झाली. हा गेला नाही, तिनं बोलावलं नाही. फोन दोघांकडे आहेत, पण नंबर लावायचा कोणी? दोघंही एकाच बापाची.

पौषात मला खोकं पाठवणाऱ्या सरकारी कचेरीतून फोन आला. फोनवरच्या बाई फार गोड बोलत होत्या. साधनसंच चुकून आमच्याकडे आला आहे, कोकणातल्या एका गावाला द्यायचा आहे, सोमवारी जीप येईल, सगळं सामान तयार ठेवा. फोन ठेवून मी दसरूभाऊंना सांगितलं. वाटलं, आता पुस्तकातलं एखादं पान तोंडावर येणार. पण ते काठीच्या पट्टीवर अंगठा फिरवत बसले. मला माझाच राग आला, तो 'होय' केल्याचा की आता 'नाही' करावं लागतंय त्याचा, ते कळेना.

मग म्हणाले, "पट्टी द्याच्या आधी एकदा समोरच्या काठाले न्या लागते."

"कशाला?"

"तिकडची भरतीरेषा पक्की कराले. आपल्या मनानं आखली असं कोनी म्हनाले नोको. सरकारी पट्टी पायजे अन् सरकारी साक्षीदार पायजे. तुमी चला."

"मी कुठली सरकारी? मानधनावरची आहे मी."

"मानधन सरकारचंच हाय ना? चला जी, मॅडमबाई. एवढं एक काम."

त्यांनी आजवर माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. म्हणून रविवारी सुटीच्या दिवशी मी लाखनीहून आले, मनातल्या मनात चिडत, आणि शामरावच्या डोंग्यात जीव मुठीत धरून बसले. लाइफ जॅकेट दसरूभाऊंनी मला घातलं.

धुकं असं होतं की दोन्ही काठ नाहीसे झाले. पाणी कुठं संपतं आणि वरचं पांढरं कुठं सुरू होतं ते दिसेना. वल्ह्याचा तेवढा आवाज. दसरूभाऊ पाण्यात वाकून बघत होते. "आता आपन बाजाराच्या रस्त्यावरून जाऊन राहिलो," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "शामराव, हळू घे. इथं वळन हाय." आणि शामरावनं खरंच वल्हं आवरलं, डोंगा अलगद वळवला. मी हसणार होते, पण हसले नाही.

धुक्यातून समोरच्या घाटाच्या पायऱ्या निघाल्या. पाणी तिसऱ्या पायरीला होतं. सातव्या पायरीवर गेरूची लाल रेघ. आणि आठव्या पायरीवर एक म्हातारी बसलेली, गळ्याभोवती मफलर गुंडाळून, शेजारी घागर. आम्हाला पाहून ती खोकली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढे महिने मी कोणाचा खोकला टाइप करत होते ते कळलं.

दसरूभाऊ डोंग्यातच उभे राहिले. "पट्टी लावा," मला म्हणाले. मी उतरले, पट्टी लावली, रेघेपर्यंतची उंची वाचली, वहीत लिहिलं, सही केली.

"आता ते पान वाचा. भरतीरेषेचं. जरा मोठ्यानं."

मी वाचलं. "भरतीरेषेच्या आतील सर्व भाग समुद्राचा समजावा. तो काठ समजू नये."

"अजून एकदा," ते म्हणाले, पण बघत होते तिच्याकडे.

दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी गमबुटाचा पाय डोंग्याबाहेर काढला आणि पाण्याखालच्या पायरीवर ठेवला, बुटात पाणी शिरलं. मग चौथी, पाचवी, सहावी. सातवीवर गेरूच्या रेघेला बोट लागणार नाही अशा बेतानं बसले. बहीण आठवीवर, भाऊ सातवीवर. मध्ये एक लाल रेघ.

"खोकला?" त्यांनी विचारलं.

"लिहून धाडलं होतं ना. कमी हाय."

"हूं."

"बुटात पानी गेलं तुह्या, दादा. सर्दी होईन." ती थोडं थांबली. "घर इथून वीस पावलं हाय. लाखोरीच्या दाळीचे वडे केले हाय."

दसरूभाऊंनी मान खाली घातली. "पान्याची हद्द इथंवरच हाय, लीला. मी चारचौघात बोललो होतो."

लीलाबाई उठल्या. घागर घेऊन कष्टानं पायऱ्या उतरल्या, तिसऱ्या पायरीवर ती बुडवली आणि पुन्हा वर चढल्या. मी मदतीला गेले तर हातानं मागे सारलं. रेघेपाशी येऊन त्यांनी घागर कलती केली आणि सकाळचा सडा घालावा तशी पाण्याची धार सोडत चालू लागल्या. सातवी पायरी, आठवी, नववी, मग वाटेवरची माती, मग अंगण. घागर दाराच्या उंबऱ्यापाशी संपली. तिथून त्या वळल्या, दम लागला होता, खोकत म्हणाल्या, "आलं पानी दारापर्यंत. मोज आता."

दसरूभाऊ ओल्या वाटेकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, शाळेतल्या पोरासारखं विचारलं, "मॅडमबाई, असं पुस्तकात हाय का?"

पुस्तक माझ्या हातात होतं. मी ते उघडलं नाही.

"हाय," मी म्हटलं.

सोमवारी जीप आली आणि सगळं सामान घेऊन गेली. नोंदवही मात्र द्यायची राहिली, म्हणजे मीच ठेवून घेतली. तिच्या शेवटच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलं आहे : समोरचा काठ, पाणी उंबऱ्यापर्यंत. शेरा : वडे गरम होते.