प्रभुण्यांचा कॅमेरा आणि मी नावाची म्हैस

आमच्या शेजारचे प्रभुणे माणसाकडे बघत नाहीत. ते माणसावर कॅमेरा रोखतात, पडद्यात बघतात आणि मग बोलतात. सकाळी पेपर घ्यायला दार उघडावं, तर समोर प्रभुणे. "नाक काळं दिसतंय तुमचं. गार पडलंय. वाफ घ्या." अख्ख्या कोथरूडमध्ये नुसत्या नाकावरून ओळखला जाणारा मी एकटाच असेन.

हा कॅमेरा मुळात लहान खासगी विमानांसाठी. त्याला उजेड लागत नाही, उष्णता दिसते. अंधारात उतरताना धावपट्टीवर जनावर असलं, तर ते पडद्यावर पांढरं चमकतं. निवृत्तीनंतर प्रभुणे या कॅमेऱ्याचे एजंट झाले. आता आमच्या सोसायटीत विमानं किती? इथे स्कूटरच्या जागेवरून तीन पिढ्यांची वैरं आहेत! खुद्द प्रभुणे कधी विमानात बसलेले नाहीत. कॅनडातली लेक तिकीट काढू का विचारते, हे नको म्हणतात. "वैमानिक डोळ्यांनी बघतो. आणि डोळे हौशी असतात हो!"

दोन वर्षांत एकही कॅमेरा खपला नाही. शेवटी कंपनीने कळवलं, या महिन्यात गिऱ्हाईक मिळालं नाही तर कॅमेरा परत करा, एजन्सी बंद. त्या दिवशी प्रभुण्यांनी माझं नाकसुद्धा पाहिलं नाही. मला राहवेना. "गिऱ्हाईक मी आणतो," असं मी ठोकून दिलं. उभ्या जन्मात मी कुणाला छत्रीही विकलेली नाही, पण बोलताना माझी जीभ माझी परवानगी घेत नाही.

एका लग्नाच्या पंगतीत ओळख झालेले आबासाहेब मला आठवले. मांजरी गावाच्या पुढे, उसाच्या मधोमध त्यांची स्वतःची धावपट्टी आणि दोन माणसांचं विमान. मी फोनवर सांगितलं, "आबासाहेब, मुंगीला ताप आला तरी हा कॅमेरा दाखवतो!"

"मुंगी ऱ्हाऊ द्या. पट्टीवर म्हशी येऊन बसत्यात, त्येचं बोला. म्हस दिसली तर कॅमेरा घेतला."

ठरल्या संध्याकाळी आम्ही पोचलो, तर म्हशी वेळेआधीच गोठ्यात गेलेल्या. आबासाहेबांनी प्रभुण्यांकडे पाहिलं, प्रभुण्यांनी माझ्याकडे. माझा बांधा पाहता चर्चेची गरजच पडली नाही.

थंडी कडाक्याची होती. निघताना आमच्या हिने दोन स्वेटर, कानटोपी आणि गादीला लाजवेल अशी काळी दुलई बरोबर दिली होती. मी सगळंच चढवलं. म्हैस व्हायचं तर नीट व्हावं! धावपट्टीच्या टोकाला जाऊन बसलो, दुलई डोक्यावरून ओढून कडा चहूबाजूंनी खोचल्या आणि आत रवंथसुद्धा सुरू केलं. इतका रंगलो की शेपूट नसल्याची खंत वाटली.

तिकडे प्रभुणे जागेवर उभ्या असलेल्या विमानात पट्टा आवळून, पडद्याला डोळे लावून बसले होते.

थोड्या वेळाने धावण्याचा आवाज आला. म्हैस आली की काय, म्हणून मी घाबरून आणखी आत शिरलो. कुणीतरी दुलई उपसली. प्रभुणे होते. एका पायात चप्पल नव्हती. त्यांनी माझ्या कपाळाला, गळ्याला, मनगटाला हात लावून पाहिलं आणि तिथेच धावपट्टीवर फतकल मारली.

मागून आबासाहेब टॉर्च घेऊन आले. "एवढा मोठा मानूस दिसंना, मग म्हस काय दिसनार हो?"

"नाही दिसले," प्रभुणे धापा टाकत म्हणाले. "खरंय तुमचं."

व्यवहार तिथेच संपला.

परतताना रिक्षात मी म्हणालो, "अहो, दुलईने उष्णता अडवली, एवढं तरी सांगायचंत! कॅमेरा उत्तम आहे, म्हैस गाढव निघाली."

"सुचलं नाही हो. पडद्यावर सगळं काळं. तुम्ही कुठेच नाही." ते बाहेर बघत राहिले. "मग सकाळी दार कोण उघडणार, एवढंच डोक्यात आलं."

हडपसर मागे पडलं तरी त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. मला बोलायला पुष्कळ सुचत होतं. पहिल्यांदाच मी गप्प बसलो.