आधी पाणी, मग ताडपत्री

भूकंपात ज्यांची घरं पडली, त्यांच्या दारात जाऊन आधी चहा मागणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली आहे. ती बाई तिथपर्यंत माझ्याच गाडीतून गेली होती, त्यामुळे थोडी लाज माझ्याही वाट्याला आली.

त्यांचं नाव एस्तेर साळवे, आम्हा सगळ्यांच्या मावशी. जालन्यात मिशनच्या दवाखान्यात त्या आयुष्यभर सिस्टर होत्या. आता रिटायर होऊन चर्चच्या आवारातल्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. आमच्या पिढीतलं निम्मं जालना त्यांच्या हातची सुई टोचून घेत मोठं झालं. त्यामुळे मस्तगडमधल्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात त्या आल्या की मी गल्ला सोडून उभा राहतो, आणि उभं राहिल्यावर एक हात आपोआप मागे जातो. एवढा बाप्या झालो तरी ही खोड गेलेली नाही.

बुटका बांधा, पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि तोंडाचा पट्टा चालू. "जल्दी कर सुधाकर, पण घाई करू नको," हे त्यांचं आवडतं वाक्य. याचा नेमका अर्थ काय, हे मी पुष्कळदा विचारलं. "करून पाह्य, मंग कळंल," एवढंच उत्तर मिळालं.

दुसरं वाक्य मात्र स्पष्ट होतं. "घेतल्याबिगर मी देत न्हाई." कुणी आजारी पडलं की मावशी सूप घेऊन हजर. पण वाटी खाली ठेवायच्या आधी नजर घरभर फिरवायच्या आणि काहीतरी मागायच्या. कढीपत्त्याची काडी, विरजण, जुनं वर्तमानपत्र, काहीही. माझे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा मावशी त्यांचं अंग पुसायला यायच्या, आणि रोज त्यांच्याकडून पानाला चुना लावून घ्यायच्या. वडिलांचे हात थरथरायचे. निम्मा चुना चादरीला लागायचा. माझ्या बायकोला वाटायचं, बाई चांगली आहे पण जरा मागणारी आहे. मला वाटायचं, यात काहीतरी गोम आहे. दुसऱ्याच्या भानगडी जाणून घेतल्याशिवाय मला जेवण पचत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

मग गेल्या वर्षी भोकरदन तालुक्यात धक्के बसले. धावडा गावाच्या पलीकडच्या वस्त्यांवर अजून धाब्याची घरं आहेत, म्हणजे भिंती मातीच्या आणि छतही मातीचंच. माणसं सकाळी रानात गेली होती म्हणून जीव वाचले, पण घरं बसली. चर्चने मदत गोळा केली. ताडपत्र्या माझ्या दुकानातून घेतल्या, आणि घेता घेता मावशींनी मला, माझ्या पिकअपला आणि माझ्या सुटीच्या दिवसालाही त्या ताडपत्र्यांसोबत घेतलं.

चर्चचे पास्टर नवे होते. तरणा, शिकलेला, नीटनेटका माणूस. त्यांनी सगळं पद्धतशीर ठरवलं होतं. वस्तीवर पोचायचं, बॅनर लावायचं, लोकांची रांग करायची, छोटी प्रार्थना, वाटप, फोटो, पुढची वस्ती.

मावशींनी रांगेपासूनच सुरुवात केली. "रांग रॉकेलाची असती पास्टरसाहेब. आपुन पाव्हणे हावोत. पाव्हणा घरी जातो."

आणि त्या निघाल्या. पहिल्याच घरी अर्धी भिंत पडलेली, भांडीकुंडी अंगणात, तीन दगडांची चूल बाहेर मांडलेली. घरधनीण हात जोडून उभी. मावशी तिथल्या बाजेवर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे माय. आन् चहा ठिवायचा असला तर माह्या चहात साखर कमी टाक."

पास्टर लाल झाले. मी गाडीचं टायर तपासू लागलो. टायरला काही झालेलं नव्हतं.

पण ती बाई हसली. घर पडल्यापासून पहिल्यांदाच हसली असावी, असं मला वाटलं. तिची धावपळ सुरू झाली. ह्याला हाक मार, त्याच्याकडून दूध आण, पितळी गिलास धुऊन घे. ज्या घरात इतके दिवस नुसतं कपाळाला हात लावून बसणं चाललं होतं, त्या घरात पाहुणे आले होते. चहा झाल्यावर मावशींनी ताडपत्री, चादर आणि किराणा पुढे केला, तर त्या बाईने ते लेकीसाठी आलेला आहेर पाहावा तसं उलटसुलट करून पाहिलं आणि ठेवून दिलं.

एका म्हाताऱ्याने मात्र मावशींना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, ह्याच्यासाठी धर्म बदलावा लागतो का?"

"मी चहा मागून राह्यले बाबा, धर्म न्हाई," मावशी म्हणाल्या. "चहा हाय का?"

दिवसभर असंच. पास्टर फोटो काढायला लागले की मावशी सांगायच्या, "आमी देताना कशाला काढता? ते आमाला देऊन राह्यले, तवा काढा." त्यामुळे मदत पाठवणाऱ्या मंडळींकडे जे फोटो गेले, त्यात चर्चची माणसं पडक्या घरांसमोर बसून चहा पिताहेत, भाकरी खाताहेत. यातले भूकंपग्रस्त नेमके कोण, असा फोन आल्याचं पास्टरांनी मला नंतर सांगितलं. पिकअप रिकामी होण्याऐवजी दुसऱ्याच मालाने भरत गेली. दोन भोपळे, कोथिंबिरीचा भारा आणि एक जिवंत कोंबडी. कोंबडीला मी विरोध केला होता. "ठिवून घे सुधाकर, तिनं हौसेनं दिली," असं म्हणून मावशींनी ती माझ्याच मांडीवर दिली.

दुपार कलल्यावर ढग आले. अवकाळीचे दिवस होते. शेवटची वस्ती राहिली होती आणि तिथे एकच घर बाकी होतं.

ते घर कौसाबाईंचं. एके काळी वस्तीवरचं सगळ्यात मोठं घर. सासऱ्यांच्या काळात सणावाराला अख्खी वस्ती त्या अंगणात जेवायची. आता नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं, आणि भूकंपात छतासकट घर बसलं होतं. कौसाबाई कडुलिंबाखाली गोठ्याच्या उघड्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या खोकत होत्या. तो खोकला ऐकून मावशींनी पावलं झपझप उचलली. छातीत किती खोल गेलेला खोकला आहे, हे त्यांना लांबूनच कळत असणार.

शेजाऱ्यांनी सांगितलं, म्हातारी कुणाच्या घरी यायला तयार नाही. आधी दुसऱ्या कुणी दिलेली चादर आणि धान्याची पिशवी तिने रस्त्यावर नेऊन ठेवली होती. रात्री पाऊस आला आणि ही अशीच उघड्यावर राहिली, तर सकाळी काय बघायला मिळेल ते सांगता येत नव्हतं.

"पाणी देता का अक्का?" मावशींनी विचारलं.

"माठ फुटला."

"चहा?"

"चूल दबली. सारं दबलं. तुमी जा."

"भाकरीचा तुकडा?"

"बाई, तुला दिसून न्हाई राह्यलं का?" कौसाबाई चिडल्या. "ह्या दारातून कुणी उपाशी गेल्तं का ते इचार गावाला. आन् मी हात पसरू? तुही ताडपत्री घेऊन जा. मला काही न्हाई पाह्यजे."

पास्टर माझ्या कानाशी आले. म्हणाले, "आपण ताडपत्री बांधून टाकू आणि निघू. त्यांच्या भल्याचंच आहे." खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. वारा सुटला होता आणि कोंबडी गाडीत ओरडत होती. पण मावशींनी हाताने खूण केली. "टपाल हाय का, टाकून जायला?"

त्या कौसाबाईंसमोर एका दगडावर बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. एस्तेरमावशी गप्प बसल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला पावसापेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटली. दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे न बघता बसून राहिल्या. वाऱ्याने मावशींचा अंबाडा सुटला. पांढरे, विरळ केस तोंडावर यायचे, त्या मागे सारायच्या, ते पुन्हा यायचे.

कौसाबाईंनी ते थोडा वेळ सोसलं. मग म्हणाल्या, "केस तरी नीट बांधावं बाईमाणसानं. घरात कुणी सांगणारं न्हाई का?"

"न्हाई," मावशी म्हणाल्या.

कौसाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. पहिल्यांदाच नीट बघितलं.

"नवरा?"

"लग्नच केलं न्हाई."

"भाऊ, बहीण?"

"न्हाई."

"मंग हिकडं सरक," कौसाबाई म्हणाल्या. "फणी दबली. पण बोटं हायेत अजून."

मावशी उठून कौसाबाईंच्या पुढ्यात जमिनीवर, पाठमोऱ्या बसल्या. कोणी कोणाच्या घरचं पाणी प्यायचं आणि कोणी कोणाला शिवायचं नाही, हे आमच्याकडे उघड बोलायची पद्धत नाही, पण विसरलेलं कुणीच नसतं. कौसाबाईही विसरल्या नसतील. त्यांनी क्षणभर हात आखडला आणि मग दोन्ही हात मावशींच्या केसांत घातले.

गुंता काढता काढता त्यांची बडबड सुरू झाली. केसाला तेल म्हणून न्हाई. असं कोरडं ठेवतात का? मान हलवू नको. खोकला आला की थांबायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. शेवटी त्यांनी आपल्या लुगड्याच्या काठाची चिंधी फाडली आणि वेणीचं टोक बांधलं. सत्तरीच्या पुढच्या सिस्टरच्या पाठीवर शेळीच्या शेपटीएवढी वेणी लोंबत होती. हसू यायला हवं होतं. पण मावशींचा चेहरा आमच्या बाजूला होता, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या पुसतही नव्हत्या. पास्टरांनी फोन खिशात ठेवला.

"झालं," कौसाबाई म्हणाल्या. "आता बाईवानी दिसून राह्यली."

मावशींनी नाक पुसलं, वळल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मी घेतलं. आता तुमी घ्यायचं. आन् ह्या खोकल्याचं औषध मी देणार, ते बिलकुल चुकवायचं न्हाई. बराबर हाय का न्हाई?"

कौसाबाईंनी ढगाकडे पाहिलं, ताडपत्रीकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "उभा काय राह्यलास? लिंबाला बांध. दुसरं टोक त्या बैलगाडीला. खाली सोडू नको, वाऱ्यानं उडंल."

मी दोर आवळला. जन्मभर दोर विकतो, पण एवढं मन लावून गाठी मी कधीच मारल्या नव्हत्या. शेवटची गाठ बसता बसता ताडपत्रीवर थेंब वाजायला लागले. कौसाबाईंच्या खाली मावशींनी कोरडी चादर घातली, छातीला मलम चोळलं, शेजारणीला औषध समजावून सांगितलं, आणि मगच आम्ही निघालो.

परत येताना केदारखेड्यापर्यंत मी कसाबसा दम धरला. मग विचारलंच. "मावशी, हे घेतल्याशिवाय द्यायचं नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी शिकवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मी मिशनच्या वसतिगृहात वाढले. आई-बाप आठवत न्हाईत. तिथं सारं मिळायचं. फ्रॉक आला, घाल. पाव आला, खा. चांगली माणसं होती, खोटं काहून बोलू? पण निस्तं घेऊन घेऊन माणूस लहान होऊन जातं रे. एकदा मी बाभळीच्या खालची बोराटी झोडून ओंजळभर बोरं आणली आन् आमच्या मोठ्या बाईंना द्यायला गेले. काटे टोचलेले, रक्त आल्तं हाताला. त्या म्हणल्या, नको बाळा, तूच खा. मायेनं म्हणल्या. पण ती ओंजळ तशीच घेऊन मी माघारी आले. कुणाला द्यावी कळंना. मंग फेकून दिली."

गाडीच्या काचेवर पाऊस वाजत होता. 

"आन् केस," त्या म्हणाल्या, "केस आमचे बारीक कापायचे. उवा होऊ नये म्हणून. पोराटकीवानी. मोठी झाल्यावर मीच माहा अंबाडा बांधला. दुसऱ्या कुणी माही वेणी घातली, ती आज पहिल्यांदा."

माझे डोळे भरून आले आणि रस्ता दिसेना, म्हणून मी वायपर जोरात केला. पावसाचा त्यात काही दोष नव्हता.

पुढच्या आठवड्यात मावशी दुकानात आल्या. वेणी तशीच होती. तिचे केस सगळीकडून सुटले होते, लुगड्याच्या चिंधीची गाठ मात्र जागेवर होती. चर्चमध्ये लोक हसले असणार, पण त्यांना कुणाची पर्वा नव्हती.

"मावशी, वेणी विस्कटली," मी म्हणालो.

"दिसून राह्यलं मला," त्या म्हणाल्या. त्यांच्या पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली आणि नवी कोरी फणी डोकावत होती. "सुधाकर, गाडी मोकळी हाय का? त्या अक्काच्या ताडपत्रीची गाठ ढिली झाली असंल. बघून यायला पाह्यजे."

ती गाठ मी बांधली होती. बैल जुंपून ओढली असती तरी ती ढिली झाली नसती.

"झालीच असेल मावशी," मी म्हणालो आणि शटर खाली ओढलं.